ओसीएमचा पेपर हाताने तयार करा : बारावी वाणिज्यसाठी सविस्तर मार्गदर्शन

बारावी कॉमर्सच्या मुलांना विचारा, कुठल्या पेपरची धास्ती आहे? पहिलं नाव बीकेचं (पुस्तपालन व लेखाकर्म) येतं, मग इकोचं (अर्थशास्त्र), गणित घेतलं असेल तर त्याचं. ओसीएमचं, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापनाचं, नाव कुणी घेत नाही. "त्यात काय सर, गोष्टीसारखं वाचायचं," हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. आणि मग निकालाच्या दिवशी तीच मुलं मार्कलिस्ट घेऊन येतात. बीकेत ८५, ओसीएममध्ये ५८. "सर, पेपर तर मस्त गेला होता!"

पेपर मस्त गेला होता यात खोटं काही नसतं. पानंच्या पानं भरलेली असतात. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मला रोज एक तरी असं उत्तर भेटतं : अक्षर सुंदर, दीड पान मजकूर, माहिती बरोबर, आणि चारपैकी दीड गुण. कारण विचारलेला असतो फरक आणि लिहिलेल्या असतात दोन लांबलचक व्याख्या. किंवा विधान सकारण स्पष्ट करायचं असतं आणि कारण एकही नसतं. माहिती डोक्यात असणं आणि ती प्रश्नाने मागितलेल्या आकारात कागदावर उतरणं यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यातच हे २५-३० गुण सांडतात. हे अंतर वाचून कमी होत नाही, हातात पेन घ्यावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी प्रश्नपत्रिकेचा सांगाडा पाठ करा

धडे पाठ करण्याआधी हे करा. वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, म्हणजेच ओसीएम, हा १०० गुणांचा विषय. त्यातले २० गुण प्रकल्प व अंतर्गत मूल्यमापनाचे, ८० गुण लेखी पेपरचे, वेळ तीन तास. लेखी पेपरमध्ये आठ प्रश्न असतात.

पहिला प्रश्न २० गुणांचा वस्तुनिष्ठ : योग्य पर्याय, जोड्या, एक शब्द किंवा संज्ञा, सत्य-असत्य अशी पाच-पाच गुणांची चार पोटं. (शेवटच्या पोटात कधी विधान पूर्ण करा, कधी अधोरेखित शब्द दुरुस्त करा, असा बदल होतो.) दुसरा, संज्ञा स्पष्ट करा, कोणत्याही चार, ८ गुण. तिसरा, परिस्थिती वाचून मत लिहा, कोणतेही दोन, ६ गुण. चौथा, फरक स्पष्ट करा, कोणतेही तीन, १२ गुण. पाचवा, थोडक्यात उत्तरे, कोणतेही दोन, ८ गुण. सहावा, विधाने सकारण स्पष्ट करा, कोणतेही दोन, ८ गुण. सातवा, कोणतेही दोन, १० गुण. आणि आठवा दीर्घोत्तरी, कोणताही एक, ८ गुण.

आता जरा बेरीज करा. पहिले तीन प्रश्न मिळून ३४ गुण होतात आणि त्यातलं एकही उत्तर सहा-सात ओळींच्या पुढे जात नाही. ज्याची सगळ्यांना भीती असते, तो मोठा प्रश्न सगळा मिळून ८ गुणांचा, म्हणजे पेपरचा दहावा हिस्सा. एकटा फरकाचा प्रश्न त्याच्या दीडपट आहे. तरीही मुलांची वही उघडा, मोठी उत्तरं चार-चार पानं उतरवलेली दिसतील आणि फरकांचं एकही पान सापडणार नाही. तयारी उलटी चालली आहे ती इथेच कळते.

हा सांगाडा एका पानावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. जुन्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. पाठ्यपुस्तक हरवलं असेल किंवा बारावी पास झालेल्या भावंडाच्या हाती फाटलं असेल, तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. गाईड जवळ असेल तर असू द्या, पण संज्ञा नेहमी पाठ्यपुस्तकातलीच वापरा. एकाच संकल्पनेला प्रत्येक गाईड वेगळा शब्द देतं, आणि एक शब्द लिहायच्या प्रश्नात तो फरक महाग पडतो.

आठ धडे, पण आठही सारखे नाहीत

व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यवस्थापनाची कार्ये, उद्योजकता विकास, व्यावसायिक सेवा, व्यवसायाचे उदयोन्मुख प्रकार, व्यवसायाची सामाजिक जबाबदारी, ग्राहक संरक्षण आणि विपणन. हा क्रम चांगला आहे, बदलायची गरज नाही. पहिले दोन धडे पाया आहेत. ते कच्चे राहिले तर तिसऱ्या प्रश्नातल्या परिस्थिती अडतात, कारण त्यातल्या बऱ्याच इथूनच येतात. चौथा धडा सगळ्यात जाड : बँका, विमा, वाहतूक, गोदामे, संदेशवहन सगळं त्यातच. फरकाच्या जोड्यांची ही खाण आहे. पाचवा लहान आणि ओळखीचा, कारण ऑनलाइन खरेदी तुम्ही रोजच करता. पण ओळखीचा म्हणून कुणी लिहून पाहत नाही, आणि आउटसोर्सिंगच्या (काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेण्याच्या) बीपीओ (व्यवसाय प्रक्रिया), केपीओ (ज्ञान प्रक्रिया), एलपीओ (कायदेविषयक प्रक्रिया) या तीन भावंडांत गोंधळ होतोच. सहावा सोपा असूनही कंटाळवाणा, कारण मालक, कामगार, ग्राहक, सरकार, समाज यांच्याविषयीच्या जबाबदाऱ्यांचे मुद्दे एकसारखे वाटतात. सातव्यात आकडे आहेत, त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

वाचायचं कसं : तीन फेऱ्या

पहिली फेरी गोष्टीसारखीच. हो, त्या मुलांचं एवढं बरोबर आहे. एक धडा एका बैठकीत सलग वाचा, हातात हायलाइटर न घेता. हायलाइटर असला की दहा मिनिटांत पान पिवळं होतं आणि आपण अभ्यास केला असं वाटायला लागतं.

दुसरी फेरी हीच खरी. एक उपघटक वाचा, उदाहरणार्थ विम्याची तत्त्वे. पुस्तक बंद करा. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. सातपैकी चार आठवली? ठीक. पुस्तक उघडा, राहिलेली तीन लाल पेनाने त्याच कागदावर लिहा. कागद ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी नवा कोरा कागद घ्या आणि पुन्हा लिहा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. लाल अक्षरं कमी होत गेली की तो घटक पक्का झाला. पहिल्या वेळी फार लाज वाटते, कारण नुकतंच वाचलेलंही आठवत नाही. तिथेच बहुतेक जण कागद बाजूला सारून पुन्हा वाचायला लागतात. करू नका. आठवायला ताण पडतो तेव्हाच गोष्ट मनात रुजते.

तिसरी फेरी प्रश्नाच्या प्रकाराप्रमाणे. आता धडा दिसला की त्यातून चार संज्ञा, दोन फरक, दोन विधाने आणि एक परिस्थिती आपणच काढायची. दोघं-तिघं मिळून केलंत तर उत्तम : एकाने प्रश्न काढायचे, दुसऱ्याने सोडवायचे, मग अदलाबदल. प्रश्न काढता येणाऱ्या मुलाला उत्तर सहसा अडत नाही.

लक्षात ठेवायच्या युक्त्यांबद्दल थोडं. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण : आद्याक्षरं घेतली की 'निसं कनिसनि' होतं. हास्यास्पद आहे, म्हणूनच लक्षात राहतं. पण युक्तीने फक्त संख्या आणि क्रम राहतो, अर्थ राहत नाही. 'नि' तीन आहेत आणि पेपरमध्ये नेमका निर्देशन आणि नियंत्रण यांचाच फरक विचारला, की युक्ती तिथेच संपते.

जिथे पाय घसरतो अशा चार जागा

पहिली जागा फेयॉल आणि टेलर. दोघांची तत्त्वं मुलं एकमेकांत मिसळतात. त्यांची माणसं म्हणून ओळख करून घ्या. हेन्री फेयॉल फ्रान्समधले खाण अभियंता, एका मोठ्या खाण कंपनीचे प्रमुख झाले, त्यांचे विचार १९१६ साली प्रसिद्ध झाले. ते संस्थेकडे वरच्या मजल्यावरून पाहतात, म्हणून त्यांची १४ तत्त्वं अधिकार, शिस्त, केंद्रीकरण, साखळी, संघभावना अशी सगळ्या संस्थेला लागू पडणारी. फ्रेडरिक टेलर अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात साध्या कामगारापासून वर चढलेले, त्यांचा ग्रंथ १९११ चा. ते यंत्राशेजारी घड्याळ घेऊन उभे राहतात, म्हणून त्यांच्याकडे कार्य अभ्यास, वेळेचा अभ्यास, श्रांती (थकवा) अभ्यास. प्रश्न वाचताना स्वतःला विचारा : हे वरून पाहिलंय की यंत्राशेजारी उभं राहून? निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आणखी एक गंमत. टेलर यांच्या कार्यात्मक संघटनेत एका कामगाराला आठ वेगवेगळे नायक (फोरमन) सूचना देतात. फेयॉल म्हणतात, एका कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ हवा. म्हणजे दोघं इथे थेट समोरासमोर उभे आहेत. ज्याला हे दिसलं, त्याला दोन्ही तत्त्वं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

दुसरी जागा : आदेशातील एकवाक्यता आणि निर्देशनातील एकवाक्यता. कॉलेजचं स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे आणा. तुम्ही मंडप समितीत आहात. खुर्च्या कुठे मांडायच्या हे तुम्हाला फक्त मंडप प्रमुखाने सांगायचं, नाटकवाल्याने नाही, ही आदेशातील एकवाक्यता. ती एका माणसाबद्दल आहे. मंडपाच्या सगळ्या कामाला एक प्रमुख आणि एक आराखडा, नाटकाच्या सगळ्या कामाला दुसरा प्रमुख आणि दुसरा आराखडा, ही निर्देशनातील एकवाक्यता. ती एका उद्दिष्टासाठी चाललेल्या कामांच्या गटाबद्दल आहे. 'माणूस' आणि 'काम' एवढे दोन शब्द समासात लिहून ठेवा.

तिसरी जागा विम्याची तत्त्वे. इथे व्याख्येआधी उदाहरण पक्कं करा. शेजाऱ्याच्या गाडीचा विमा तुम्ही काढू शकत नाही, कारण ती गाडी जळाली तर तुमचं आर्थिक नुकसान होत नाही : विमा हितसंबंध. मधुमेह आहे हे लपवून पॉलिसी घेतली तर दावा अडू शकतो : परम विश्वास. १० लाखांच्या मालाचा एका कंपनीकडे ६ लाखांचा आणि दुसरीकडे ४ लाखांचा विमा आहे आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर एक कंपनी ६० हजार देईल आणि दुसरी ४० हजार, दोन्हीकडून पूर्ण लाख मिळणार नाही : सहभागाचं तत्त्व. हे उदाहरण उत्तरात लिहायलाही चालतं. मी तपासताना असं आकड्यांचं उदाहरण दिसलं की थांबून वाचतो.

चौथी जागा ग्राहक संरक्षण कायद्याची, आणि इथे जरा सावध राहा. १९८६ चा जुना कायदा गेला, २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्याने जिल्हा आयोगाला १ कोटी रुपयांपर्यंत, राज्य आयोगाला १ कोटी ते १० कोटी आणि राष्ट्रीय आयोगाला १० कोटींच्या वरच्या तक्रारी दिल्या. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नियम करून या मर्यादा ५० लाख, ५० लाख ते २ कोटी आणि २ कोटींच्या वर अशा खाली आणल्या. त्यामुळे पुस्तकात एक आकडा, यूट्यूबवर दुसरा आणि क्लासच्या नोट्समध्ये आणखी तिसरा असं घडतं. तुमच्या हातातल्या आवृत्तीत काय छापलंय ते पाहा, तुमच्या शिक्षकांना विचारा आणि तोच आकडा लिहा. पेपर पाठ्यपुस्तकावर निघतो. यूट्यूबवरच्या ताईशी वाद घालायला परीक्षेनंतर भरपूर वेळ आहे.

राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला आणि जागतिक ग्राहक हक्क दिन १५ मार्चला असतो. या दोन तारखाही एकमेकींच्या जागी बसतात. २४ डिसेंबर १९८६ ला आपल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांचे हक्क मांडले. डिसेंबर आपला, मार्च जगाचा.

प्रत्येक प्रश्नाला त्याचा आकार

संज्ञा. दोन गुण, दोन वाक्यं, फार तर तीन. पहिल्यात अर्थ, दुसऱ्यात वैशिष्ट्य किंवा उदाहरण. 'ई-व्यवसाय' विचारलं म्हणून इंटरनेटचा इतिहास लिहू नका.

फरक. चार गुणांना चार मुद्दे, आणि मी नेहमी पाचवा लिहायला सांगतो, एखादा मुद्दा परीक्षकाला पटला नाही तर हाताशी राहतो. तक्ता आखा, डावीकडे मुद्द्याचं नाव वेगळ्या रकान्यात. 'बचत खाते आणि चालू खाते' घ्या. मुद्दे : अर्थ, कोणासाठी, व्याज, पैसे काढण्यावरील मर्यादा, अधिकर्षाची (ओव्हरड्राफ्टची) सोय. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजू त्याच मुद्द्यावर बोलल्या पाहिजेत. डावीकडे "बचत खात्यावर व्याज मिळते" आणि उजवीकडे "चालू खाते व्यापाऱ्यांसाठी असते" असं लिहिलं तर दोन्ही वाक्यं खरी, पण फरक शून्य. उजवीकडे "चालू खात्यावर सहसा व्याज मिळत नाही" हवं. ही चूक किती साधी आहे! आणि किती उत्तरपत्रिकांत असते! पाठांतर करताना मुलं आधी डावा रकाना वरून खाली पाठ करतात, मग उजवा, म्हणून ती होते. आडवं पाठ करा, एकेक ओळ.

परिस्थितीचा प्रश्न. तीन गुण, खाली बहुधा एकेका गुणाचे तीन छोटे प्रश्न. एक नमुना बघा. 'सांगलीजवळ सुनंदाताईंचा हळद पावडरचा लघुउद्योग आहे. कामगार महादू पॅकिंग विभागात काम करतो. एके दिवशी सुनंदाताईंचा थोरला मुलगा त्याला माल भरायला सांगतो, त्याच वेळी धाकटा यंत्र साफ करायला सांगतो. महादू गोंधळतो आणि दोन्ही कामं अर्धवट राहतात.' प्रश्न : कोणत्या तत्त्वाचा भंग झाला? त्याचा एक परिणाम लिहा. तुम्ही काय सुचवाल? उत्तरं तीन ओळींची : आदेशातील एकवाक्यतेचा भंग झाला. कामगाराचा गोंधळ उडून काम अपुरं राहिलं आणि जबाबदारी निश्चित करता येईना. महादूला सूचना देण्याचा अधिकार दोघांपैकी एकालाच द्यावा. एवढंच. यात लोक घसरतात ते सुनंदाताईंची पूर्ण कहाणी पुन्हा लिहून. कहाणी परीक्षकाने वाचलेली आहे.

सकारण स्पष्टीकरण. चार गुणांचा हा प्रश्न सगळ्यात जास्त मार्क खातो. 'जीवनविम्याला नुकसानभरपाईचे तत्त्व लागू होत नाही' हे विधान घ्या. कच्चं उत्तर असं सुरू होतं : "विमा म्हणजे एक करार होय. विम्याचे जीवनविमा, अग्निविमा, सागरी विमा असे प्रकार आहेत..." पाच ओळी झाल्या, विधानाला हात लागला नाही. त्याऐवजी असं लिहा :

१. नुकसानभरपाईच्या तत्त्वानुसार विमाधारकाला प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीइतकीच भरपाई मिळते, नफा मिळवता येत नाही.
२. माणसाच्या जीवनाची किंमत पैशांत ठरवता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान मोजताच येत नाही.
३. म्हणून मृत्यू झाल्यास किंवा मुदत पूर्ण झाल्यास करारात ठरलेली रक्कम दिली जाते.
४. याच कारणाने एका व्यक्तीला एकाहून अधिक जीवनविमा पॉलिसी घेता येतात आणि प्रत्येकीची रक्कम मिळते.

शेवटी एक ओळ, 'म्हणून वरील विधान योग्य आहे.' प्रत्येक मुद्दा लिहून झाला की मनात त्याच्या पुढे 'म्हणून जीवनविम्याला हे तत्त्व लागू नाही' जोडून पाहा. जुळलं तर तो मुद्दा राहील, नाही तर खोडा.

थोडक्यात उत्तरे आणि सातवा प्रश्न यांत फारसं गूढ नाही. चार गुणांना चार, पाच गुणांना पाच मुद्दे, प्रत्येकाला शीर्षक आणि दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण. दीर्घोत्तरीत आधी दोन-तीन ओळींत अर्थ, मग आठ मुद्दे. फेयॉल यांची तत्त्वे आली तर चौदाची नुसती यादी करण्यापेक्षा आठ-नऊ नीट समजावलेली बरी. विपणन मिश्र आलं तर वडापावची गाडी घ्या : वडापाव हे उत्पादन, पंधरा-वीस रुपये ही किंमत, स्टेशनबाहेरची जागा हे ठिकाण, तळणीचा वास आणि 'गरमागरम' ही हाक हे संवर्धन. मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणं सगळेच लिहितात.

इंग्रजी माध्यमात गेलेल्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी शाळा आणि अकरावीत एकदम इंग्रजी माध्यमाचं कॉमर्स, अशी मुलं दरवर्षी माझ्यासमोर बसतात. ती वर्गात मागे नसतात, कागदावर मागे पडतात. त्यांच्यासाठी सरळ उपाय : मराठी पाठ्यपुस्तकाची पीडीएफही उतरवून घ्या. धडा आधी मराठीतून समजून घ्या, कारण समजणं आपल्या भाषेत लवकर होतं. मग त्याच धड्यातल्या वीस-पंचवीस इंग्रजी संज्ञा स्पेलिंगसह वहीत काढा आणि कोऱ्या कागदाची फेरी इंग्रजीतूनच करा. वाक्यं छोटी ठेवा. पाच-सहा शब्दांचं बरोबर वाक्य वीस शब्दांच्या अडखळणाऱ्या वाक्यापेक्षा परीक्षकाला हवं असतं. मराठी माध्यमवाल्यांना उलटा सल्ला : उत्तरात अर्धी संज्ञा मराठी, अर्धी देवनागरीतली इंग्रजी, अशी खिचडी करू नका.

सहा आठवड्यांचं गणित

ओसीएमला रोज सलग तीन तास देऊ नका. बीकेची उदाहरणं सोडवून डोकं शिणलं की मध्ये पन्नास मिनिटं ओसीएमची, हा क्रम चांगला चालतो. पहिला आठवडा पहिल्या दोन धड्यांचा. दुसरा तिसऱ्या-चौथ्याचा, त्यातही पाच दिवस चौथ्यालाच. तिसऱ्यात पाचवा, सहावा आणि सातवा. चौथ्यात विपणन आणि सगळ्या धड्यांचे फरक एकत्र. पाचव्या आठवड्यात तीन पूर्ण पेपर, घड्याळ लावून, दाराला कडी घालून, फोन आईच्या ताब्यात देऊन. पहिला पेपर सोडवताना दुसऱ्या तासाला बोटं दुखायला लागतील. हाताला तीन तास लिहायची सवय राहिलेली नसते, आणि ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. सहाव्या आठवड्यात नवं काही नाही. फक्त लाल शाईचे कागद.

आणि दहाच दिवस हातात असतील तर? मग आठही धडे पूर्ण करायचा हट्ट सोडा. सगळ्या धड्यांच्या शेवटचा स्वाध्याय घ्या. वस्तुनिष्ठ प्रश्न, संज्ञा आणि फरक एवढंच आधी उरका. हे ४० गुण होतात. त्यानंतर पहिल्या दोन आणि चौथ्या धड्यातली विधाने. मोठी उत्तरं शेवटी, वेळ उरला तर.

प्रकल्प तेवढा उरकून टाकायचा म्हणून नका करू. गल्लीतल्या दुकानाची पाहणी करून प्रकल्प केला असेल, तर तेच दुकान लेखी पेपरमध्ये उदाहरण म्हणून दोन-तीन ठिकाणी कामाला येतं.

पेपरच्या दिवशी

१८० मिनिटांची वाटणी मी अशी सांगतो : पहिल्या प्रश्नाला २०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५, फरकाला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला २०, सातव्याला २५, आठव्याला २०. उरतात १०. महाराष्ट्र राज्य मंडळाने २०२३ पासून प्रश्नपत्रिका आधी हातात देणं बंद करून शेवटी १० मिनिटं वाढवून दिली, ती वेगळी. सत्र आणि वेळ हॉल तिकिटावर नीट वाचा.

पहिल्या प्रश्नातलं एखादं अडलं तर जागा सोडून पुढे चला. त्याचं उत्तर बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या प्रश्नाच्या शब्दांतच सापडतं. पर्यायाचा प्रश्न असेल तर नुसतं 'ब' लिहू नका, सांगितल्याप्रमाणे पूर्ण विधान लिहा. 'कोणतेही तीन' असेल तर आधी तीन पक्के ठरवा, मग लिहायला घ्या. चौथा अर्धा लिहून खोडण्यात दहा मिनिटं जातात. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर, प्रश्नक्रमांक आणि पोटप्रश्न समासात ठळक. तक्त्याची रेघ पेन्सिलीने आखली तरी पुरे, सजावट नको.

शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरं पुन्हा वाचत बसू नका. पहिल्या प्रश्नाची वीसच्या वीस उत्तरं लिहिली आहेत का ते मोजा, प्रश्नक्रमांक प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा, पुरवण्यांवर नंबर घाला आणि त्या क्रमाने लावून दोऱ्याने घट्ट बांधा.